अबोला आणि मौन



मराठीत न बोलण्याला दोन नावे आहेत. एक अबोला, दुसरे मौन. कोश उघडून पाहिला तर दोहोंचे अर्थ जवळ जवळ सारखेच निघतील. पण खेड्यातल्या माणसाला यांतला फरक कोशातून शिकावा लागत नाही. अबोला कोणाशी तरी असतो. ‘त्या दोघा भावांचा अबोला आहे’ असे आपण म्हणतो. ‘त्या दोघा भावांचे मौन आहे’ असे कोणी म्हणत नाही. अबोल्याला समोर माणूस लागतो, मौनाला लागत नाही. आज ज्या दहा दिवसांची हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे ते दहा दिवस मौनाचे होते. पण ज्या गावाहून मी तिथे गेलो, त्या गावात गेली वीस-पंचवीस वर्षे अबोला वाढत चालला आहे. म्हणून आधी गावाविषयी दोन शब्द.

माझे गाव माण. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यातले, हिंजवडीला लागून असलेले. माझ्या लहानपणी हे भाताचे गाव होते. मृगाचा पाऊस झाला की राब भाजलेल्या जागेत रोपे वर येत आणि पुढे लावणीला इर्जिक निघे. आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या, असे करीत सारी आळी एकमेकांची लावणी उरकून देई. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडीत आयटी पार्क उभा राहू लागला, त्याचा तिसरा टप्पा माणच्या शिवारात आला, मेट्रोची कारशेडही आमच्याच गावात आली. काचेच्या इमारती झाल्या, रस्ते झाले, भाड्याच्या खोल्या झाल्या. याबद्दल तक्रार करण्याचे मला कारण नाही. गावातल्या कितीतरी मुली शिकल्या त्या याच पैशावर. परंतु जमीन गुंठ्याने विकली जाऊ लागली, तेव्हा ज्या बांधावर दोन घरची माणसे बसून भाकरी खात, त्याच बांधाची मोजणी मागवण्याची वेळ आली. आज आमच्या गावात असे घर दाखवणे कठीण आहे, की ज्या घरात कोणाचा ना कोणाचा अबोला नाही.

माझेही घर त्यातलेच. माझा आणि माझ्या थोरल्या चुलतभावाचा चार वर्षे अबोला आहे. लग्नाच्या पंगतीला एका रांगेत बसलो तर मधे दोन पाने सोडून बसतो. बरोबर कोण हे ठरवण्याची ही जागा नव्हे. ते जिथे चालायचे तिथे चालले आहे. मी सांगतो आहे ते एवढ्यासाठी, की विपश्यनेच्या शिबिरात गेलेला माणूस रिकाम्या हाताने जात नाही. घरातले काहीतरी तो बरोबर घेऊनच जातो.

आता हे विपश्यना प्रकरण काय आहे? इगतपुरीचे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. नाशिकच्या वाटेवर कसारा घाट चढून गेले की डोंगराच्या पायथ्याशी सोनेरी कळसाची वास्तू दिसते, ते धम्मगिरी. १९७६ पासून तिथे शिबिरे चालू आहेत. ही साधना तिथे आणणारे सत्यनारायण गोएंका हे मूळचे राजस्थानी व्यापारी घराण्यातले. पण त्यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशात, मंडालेला झाला. व्यापारात मोठे नाव, आणि जोडीला अर्धशिशीची असह्य व्यथा. औषधे करून थकल्यावर १९५५ साली ते रंगूनमध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन कोणी भगवी वस्त्रे घातलेले भिक्षू नव्हते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे ते पहिले महालेखापाल, म्हणजे सरकारी हिशेबखात्याचे सर्वांत मोठे अधिकारी. कचेरीचे काम सांभाळून ते ध्यान शिकवीत.

आणि त्यांचे गुरू कोण, हे तर शेतकरी बंधूंनी आवर्जून ऐकण्यासारखे आहे. त्यांचे गुरू सया थेटजी हे रंगूनसमोर नदीपलीकडच्या एका खेड्यातले साधे शेतकरी. लहानपणी बैलगाडी हाकून भात वाहिलेला हा माणूस, शिक्षण जेमतेम. १९०३ सालच्या पटकीच्या साथीत त्यांची दोन मुले दगावली. त्या दुःखात ते घर सोडून ध्यान शिकायला निघाले, आणि बऱ्याच वर्षांनी लेडी सयाडो या विद्वान भिक्षूने त्यांना सांगितले की आता तू इतरांना शिकव. भिक्षूने गृहस्थाला, तेही शेतकऱ्याला, शिकवण्याचा अधिकार द्यावा ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. म्हणजे आज आपल्या जिल्ह्यातल्या शिबिरात जे शिकवतात, ते एका खाचरातल्या माणसाच्या हातून आलेले आहे. मला स्वतःला ही गोष्ट फार आवडली.

गोएंका १९६९ साली भारतात आले. त्याच वर्षी जुलैत मुंबईला एका धर्मशाळेत त्यांनी पहिले शिबिर घेतले, आणि त्या पहिल्या मूठभर साधकांत त्यांचे आईवडील होते. २०१३ साली ते वारले. शिबिरात आजही त्यांचाच ध्वनिमुद्रित आवाज सूचना देतो. समोर बसलेले सहायक आचार्य शंकांना उत्तरे देतात.

पण हे सारे बाहेरून आलेले नवे खूळ आहे असे मात्र कोणी समजू नये. आमच्या माणच्या पश्चिमेला मावळ आहे. त्या मावळात भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी आहेत. शाळेची सहल घेऊन तुम्ही गेला असाल. मुले चैत्याची कमान पाहतात आणि परत येतात. पुढच्या वेळी त्यांना शेजारच्या लहान खोल्यांत न्या. एक माणूस आडवा होईल एवढाच दगडी ओटा, एक दार, बस्स. या खोल्या कशासाठी? पावसाळ्यात भिक्षूंनी हिंडायचे नाही, एका जागी राहून साधना करायची, असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणत. कार्ल्याच्या एका शिलालेखात नहपान राजाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव दान दिल्याची नोंद आहे. दान कोणाला? तर या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या साधूंच्या निर्वाहासाठी. सुमारे १९०० वर्षांपूर्वी आपल्याच डोंगरात लोक गप्प बसत होते, आणि खालचे गाव त्यांच्या भाताची सोय करीत होते.

दानाची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. या शिबिराला फी नाही. राहणे, जेवण, शिकवणे, कशाचेच पैसे घेत नाहीत. एवढेच नव्हे, तर दहा दिवस पुरे केल्याशिवाय तुमचे दानही स्वीकारत नाहीत. तुमच्या ताटातली भाकरी तुमच्या आधी येऊन गेलेल्या, तुम्हांला न ओळखणाऱ्या कोणीतरी ठेवलेली असते. आमच्याकडे ‘फुकट आहे म्हणजे काहीतरी काळेबेरे असणार’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी इर्जिकीची आठवण देतो.

मी गेलो ते मरकळला. खेड तालुक्यातले हे गाव आळंदीच्या खाली, इंद्रायणीच्या काठी आहे. तिथल्या केंद्राचे नाव धम्मानंद. माणहून वाकड, भोसरी करीत आळंदी गाठायची आणि तिथून पुढे मरकळचा रस्ता. कारखान्यांच्या मालगाड्यांमधून वाट काढीत माणूस तिथे पोहोचतो. दारातच मोबाइल, पाकीट, पुस्तके, वही, पेन जमा करून घेतात. मोबाइल देताना माझ्यापुढच्या एका तरुणाचा हात दोनदा मागे आला. माझे मात्र पेन देताना झाले तसे. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या खिशाला पेन नसले, की छातीची एक बाजू उघडी पडल्यासारखी वाटते.

पाच नियम पाळायचे: हिंसा नाही, चोरी नाही, खोटे नाही, दारू-तंबाखू नाही, आणि शिबिरापुरते ब्रह्मचर्य. आपापली जपमाळ, पोथी, उपासतापास हेही दहा दिवस बाजूला ठेवावे लागतात. पुरुष आणि स्त्रिया यांची राहण्याची, जेवणाची सोय अगदी वेगळी. पहिल्या संध्याकाळी हलके खाणे होते, आणि मग मौन सुरू होते. त्याला तिथे ‘आर्य मौन’ म्हणतात. म्हणजे नुसते तोंड बंद नव्हे. खुणा नाहीत, चिठ्ठी नाही, नजरेला नजर नाही. काही अडचण असली तर व्यवस्था पाहणाऱ्या धम्मसेवकाशी आणि साधनेतली शंका असली तर आचार्यांशी हळू आवाजात बोलता येते. बाकी कोणाशी नाही.

पहाटे ४ ला घंटा होते. साडेचारला आसनावर. साडेसहाला न्याहारी, अकराला जेवण. संध्याकाळी ५ ला नव्या माणसाला चहा आणि थोडे कुरमुरे, एखादे फळ. रात्रीचे जेवण नाही. सातला तासभराचे प्रवचन, आणि साडेनऊला दिवे बंद. मधल्या वेळात बसणे. सगळे मिळून दिवसाचे दहा तास भरतात. आता तुम्ही म्हणाल, दहा तास बसायला काय लागते? शेतकऱ्याला तर वाटेल की ही सुटीच झाली. माझ्या शेजारच्या आसनावर साठीचे एक गृहस्थ होते. हाताच्या घट्ट्यांवरून आयुष्य शेतात गेलेले दिसत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी जी एक मांडी मोडून दुसरी घातली आणि जो उसासा टाकला, त्यावरून मी ओळखले की नांगर धरणे परवडले, हे नाही. (गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची मिळते, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

पहिले साडेतीन दिवस करायचे एकच काम. नाकातून श्वास येतो, जातो. त्याकडे लक्ष ठेवायचे. हा प्राणायाम नाही. श्वास रोखायचा नाही, लांबवायचा नाही, मोजायचा नाही, त्याला कोणाचे नाव जोडायचे नाही. जसा आहे तसा पाहायचा. याला आनापान म्हणतात. ऐकायला सोपे. प्रत्यक्षात चार श्वास होतात न होतात तोच मन कुठल्या कुठे गेलेले असते. दूधवाल्याचा राहिलेला हिशेब, परीक्षेचे न तपासलेले गठ्ठे, तीस वर्षांपूर्वी छडी मारलेल्या मास्तरांचा चेहरा, कुठल्याशा तमाशातले अर्धे गाणे. एरवी हे सारे आपण बोलण्याखाली दडपून ठेवतो. तोंड बंद झाले की ते वर येते. विहिरीत माणसे उतरलेली असली की पाणी गढूळ असते. सगळे वर आले, पाणी निवले, की तळाशी काय काय पडले आहे ते दिसू लागते. मौन हे एवढ्यासाठीच आहे. ती तपश्चर्या नाही की शिक्षाही नाही. पाणी ढवळू नये म्हणून केलेली ती व्यवस्था आहे.

दुसऱ्या रात्री मला पळून जावेसे वाटले. हे जवळ जवळ प्रत्येकाला होते असे पुढे कळले. निघून गेलेही दोघे-तिघे.

चौथ्या दिवशी दुपारी खरी विपश्यना शिकवतात. आता लक्ष श्वासावरून काढून शरीरावर न्यायचे. टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत, एकेका अवयवावर क्रमाक्रमाने, आणि तिथे जे जाणवेल ते पाहायचे. ऊब, खाज, मुंग्या, ठणका, घाम, कपड्याचा स्पर्श, काहीही. चांगले वाटले म्हणून तिथे रेंगाळायचे नाही, वाईट वाटले म्हणून तिथून पळायचे नाही. आणि दिवसातून तीन वेळा तासभर असे बसायचे की डोळे उघडायचे नाहीत, हात सोडायचे नाहीत, मांडी हलवायची नाही. याला अधिष्ठान म्हणतात.

इथे मला मराठीच्या मास्तराला शोभेल असे एक विषयांतर करू द्या. जे जाणवते त्याला पालीत शब्द आहे वेदना. आपण मराठीत वेदना म्हणजे फक्त दुखणे समजतो. पालीत तसे नाही. सुखाचीही वेदना, दुःखाचीही, आणि धड ना सुख धड ना दुःख अशा जाणिवेचीही वेदनाच. मूळ धातू विद्, म्हणजे जाणणे; वेद हा शब्दही त्याच धातूचा. बुद्धाचे म्हणणे असे, की वेदनेतून तृष्णा उपजते. म्हणजे कोणी आपल्याला टोचून बोलला, तर त्याच्या शब्दावर आपण लगेच उसळत नाही. शब्द कानी पडतो, अंगात काहीतरी होते, छाती तापते, जबडा आवळतो, आणि त्या अंगातल्या खळबळीवर आपण उसळतो. मधली ही पायरी आपल्या ध्यानात येत नाही, इतके हे झटपट घडते. ती पायरी दिसू लागली, तर उसळायचे की नाही हे ठरवायला क्षणभर सवड मिळते. दहा दिवसांची सारी खटपट त्या क्षणभर सवडीसाठी आहे, असे मला तरी वाटते.

सहाव्या दिवशी दुपारच्या अधिष्ठानात माझा चुलतभाऊ आला. आला म्हणजे मनात आला. पांढरा सदरा, वर चढवलेल्या बाह्या, बांधावर उभा. आणि चार वर्षांपूर्वी तो जे वाक्य बोलला होता ते त्याच्याच आवाजात ऐकू आले. एरवी हे वाक्य आठवले की मी मनातल्या मनात उत्तर देतो. उत्तर तयार आहे. चार वर्षांत घासून घासून गुळगुळीत झाले आहे. आंघोळ करताना, गाडी चालवताना, वर्गात फळा पुसताना मी ते किती वेळा दिले असेल, याची गणती नाही. त्या दुपारीही ते ओठांपर्यंत आले. पण तोंड बंद होते, मांडी घातलेली होती, आणि लक्ष त्या वेळी नेमके उजव्या खांद्यावर होते. खांदा दगडासारखा झाला होता. गळ्यापाशी काहीतरी चढत होते. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. मी ते पाहत राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग खांदा थोडा सैल झाला. पुन्हा आवळला. पुन्हा सैल झाला. वाक्य होते तिथेच होते. पण त्याच्याबरोबर अंगात जे वादळ येई ते येऊन जात होते, आणि मी उत्तर दिले नव्हते.

मला त्या वेळी जे कळले ते असे. चार वर्षे मी त्या माणसाशी बोललो नाही असे आम्ही दोघेही समजत होतो, आणि सारे गावही. वास्तविक मी त्याच्याशी चार वर्षे अखंड बोलत होतो. अबोला म्हणजे गप्प राहणे नव्हेच. एकाच माणसाशी आतल्या आत चाललेले ते भांडण असते, आणि त्याला विसावा नसतो. मौनात ते बोलणे पहिल्यांदा थांबले. अर्ध्या मिनिटापुरते थांबले असेल, फार नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मंगलमैत्री शिकवतात, म्हणजे सर्वांचे भले चिंतणे, आणि मग मौन सुटते. ते सुटल्यावर जी गंमत होते ती पाहण्यासारखी आहे. साठ-सत्तर पुरुष एकदम बोलू लागतात आणि कोणालाच आपला आवाज ओळखू येत नाही. माझ्या खोलीतला सोबती चाकणच्या एका कारखान्यात रात्रपाळी करणारा. दहा दिवसांत मला त्याचा खोकला माहीत झाला होता, चपला काढण्याची रीत माहीत झाली होती, पहाटे घंटेआधीच तो उठून बसतो हे माहीत झाले होते. नाव मात्र माहीत नव्हते. तो म्हणाला, “सर, तुम्ही झोपेत बोलता.” मी विचारले, “काय बोलतो?” तो म्हणाला, “ते काय कळलं नाही. पण जोरात बोलता.” शेवटच्या दोन-तीन रात्री काही ऐकले नाही, हेही त्यानेच सांगितले.

घरी आल्यावर अबोला सुटला का, असे तुम्ही विचाराल. कोर्टाचे कागद आहेत तिथेच आहेत. दोन महिन्यांनी ग्रामदेवतेच्या यात्रेत चुलतभाऊ समोर आला. मी विचारले, “केव्हा आलास, दादा?” तो म्हणाला, “मघाशीच.” एवढेच बोलणे झाले. त्याची बायको माझ्या बायकोकडे पाहत होती आणि माझी बायको माझ्याकडे.

आता दोन शंका. आमच्या गावातले एक वारकरी बुवा मला म्हणाले, “मास्तर, आपण माळकरी माणसं, हे बुद्धाचं कशाला?” यावर शिबिरात दिलेले उत्तर असे, की श्वास हिंदूचा नसतो, बौद्धाचा नसतो, मुसलमानाचा नसतो. हे खरे आहे. पण माझ्या मते ते अर्धेच आहे. ही शिकवण बुद्धाची आहे हे आडून न सांगता सरळ सांगावे. त्याने माळ तुटत नाही. देहूजवळचा भंडारा डोंगर तुकोबांच्या एकांताचा म्हणून आपण पुजतो, आणि त्याच डोंगरात बौद्ध लेणीही आहेत. एकांतासाठी जागा निवडताना दोघांची नजर एकाच डोंगरावर गेली, एवढे बुवांना मी सांगितले. ते हसले, पटले की नाही ते कळले नाही.

दुसरी शंका अधिक खोल आहे आणि ती माझ्या एका बौद्ध सहकाऱ्याची. आमच्या भागात धम्माचे नाव निघाले की देहूरोडचे नाव निघते. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच महिन्यात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. सहकारी म्हणाले, “बाबासाहेबांचा बुद्ध अन्यायाविरुद्ध उभा राहणारा. तुम्ही लोक डोळे मिटून बसता. ज्याला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्यानं अंगातली संवेदना बघत बसायचं का?” हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मी त्यांना एवढेच म्हणालो, की ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आधी शांत व्हायला सांगणे हा उद्धटपणा होईल. आणि शांत झालेला माणूस लढत नाही असेही नाही. पण दहा दिवस बसून या प्रश्नाचे उत्तर मिळते असा दावा कोणी करू नये. त्यांचे समाधान झालेले नाही. आमची चर्चा चालू आहे, आणि ती चालू राहावी अशी माझी इच्छा आहे.

शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. राज्याच्या शाळांत ‘मित्र उपक्रम’ या नावाने मुलांना रोज दहा मिनिटे आनापान करायला बसवण्याची योजना २०१२ च्या सुमारास सुरू झाली. कुठे ती नीट चालते, कुठे कागदावरच असते. माझी विनंती एकच. आपल्या शाळेत न बोलण्याचा एक तिसराच प्रकार फार जुना आहे: हाताची घडी, तोंडावर बोट. तो भीतीचा आहे. आनापान जर त्याच सुरात करून घेतले, डोळे उघडले म्हणून मुलाला उभे केले, तर त्याला ना श्वास दिसेल ना शांतता. स्वतः न बसता मुलांना बसवणे तर त्याहून वाईट. आधी आपण दहा दिवस जाऊन यावे. शासकीय कर्मचाऱ्यांना अशा शिबिरासाठी रजेची सवलत देणारे निर्णय निघालेले आहेत. तुमच्या शाळेला ते लागू आहेत का हे मुख्याध्यापकांकडे विचारून घ्यावे.

कोणी जाऊ नये, हेही सांगितले पाहिजे. ज्यांना मनाचा गंभीर आजार आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी अर्जात तो लपवू नये. अशांना केंद्रेच शिबिराला येऊ नका म्हणतात, आणि ते योग्य आहे. सतत दहा तास आत पाहणे प्रत्येक मनाला झेपत नाही. घरातल्या एखाद्या उदास मुलाला किंवा दारू पिणाऱ्या भावाला ‘जा, सुधारून ये’ म्हणून ढकलून पाठवणारे नातलग मी पाहिले आहेत. असे करू नये. ज्याचे त्याने ठरवून जावे. चालू औषधे बंद करू नयेत, बरोबर न्यावीत. दुखणे बरे व्हावे म्हणून जाऊ नये. गोएंकांची अर्धशिशी गेली ही गोष्ट खरी, पण त्यांच्या गुरूंनी त्यांना तेवढ्याच कामासाठी घ्यायला नकार दिला होता.

अर्ज मोबाइलवरून भरता येतो. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी भरून देईल. कोणती भाषा समजते हे त्यात विचारतात. नव्या माणसाला जागा मिळायला वेळ लागतो, म्हणून महिना-दोन महिने आधी अर्ज करावा. मरकळखेरीज पुण्यात स्वारगेटजवळही एक केंद्र आहे, आणि इगतपुरी तर आहेच. ढगळ कपडे, शाल, विजेरी आणि हातावरचे साधे घड्याळ बरोबर असावे. मोबाइल नसल्यावर वेळ कळत नाही, हे तिथे गेल्यावर ध्यानात येते. घरी निरोपासाठी केंद्राचा फोन नंबर देऊन ठेवावा, म्हणजे जीव टांगणीला लागत नाही. आणि भातवाल्यांनी लावणी किंवा कापणीच्या दिवसांत जाऊ नये. खाचरात पाणी उभे असताना मरकळला बसलात, तर डोळे मिटल्यावर श्वास दिसणार नाही, खाचरच दिसेल. झोडणी उरकली, भात कणगीत पडला, की मार्गशीर्ष-पौषाचे दिवस चांगले. पहाटे चारला थंडी मात्र कडक असते. नदी जवळ आहे.